सुनेचा ओटा, सासऱ्याची वही

ते येऊन गेले की दुकानाला कुलूप लागायचं, म्हणून बाजारात त्यांना कुलूपसाहेब म्हणत, आणि हे नाव कुणी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. एकतीस वर्षं ते अन्नतपासणी खात्यात होते. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी थर्मामीटर, काखेत बांधीव वही आणि चेहरा असा, की समोरच्याला आपण काही केलेलं नसतानाही घाम फुटावा. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की गल्लीच्या शेवटच्या खानावळीत फरशी पुसायला सुरुवात व्हायची. एकदा एका खानावळवाल्यानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. साहेबांनी कप उचलला, खाली-वर करून पाहिला, कपाची कड फुटकी असल्याचं वहीत लिहिलं आणि कप तसाच परत ठेवला.

पैसे मात्र त्यांनी कधी खाल्ले नाहीत. त्यांची बायको म्हणायची, "खाल्ले असते तर बरं झालं असतं. निदान बाहेरचं काहीतरी खाल्लं असतं." कारण बाहेरचा घास ते तोंडात घालत नसत. नातेवाइकांकडे जेवायला गेले की आधी हात धुवायच्या निमित्तानं आत जायचे आणि ओटा कुठल्या फडक्यानं पुसतात ते बघून यायचे. हळूहळू नातेवाइकांनी बोलावणं सोडलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. स्वच्छता सगळ्यांना झेपत नाही, असं ते म्हणत.

बायको गेली त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सरकारी घर सोडावं लागलं, आणि दोन ट्रंका आणि नियमांच्या पुस्तकांचं एक खोकं घेऊन ते मुलाकडे राहायला आले. तिसरा मजला, दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर. मुलगा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लोकांच्या इमारतींत मजल्यांच्या मध्ये लोंबकळायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बापाच्या आणि बायकोच्या मध्ये.

सून एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. तीनशे मुलांचं जेवण, अकरा वर्षं. हात पुरुषासारखे भरलेले, आवाज मोठा, आणि ऐकून घेणं हा प्रकार स्वभावातच नाही. सासरे आले त्याच दिवशी त्यांनी तिचा फ्रिज उघडला.

"कच्चं वर आणि शिजवलेलं खाली? उलटं पाहिजे. वरचं पाणी खालच्यात ठिबकतं."

"बाबा," ती म्हणाली, "तुमची खोली त्या बाजूला आहे."

तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिनं भाजी चिरली की ते सुरीकडे बघत. त्यांनी पेला ठेवला की ती तो उचलून पुन्हा धुई. मुलगा दोघांना समजवायला जायचा आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत यायचा.

पुढे शाळेनं स्वयंपाकाचं काम ठेकेदाराला दिलं. अकरा वर्षांची नोकरी एका कागदावर संपली. सून आठ दिवस घरात बसली. नवव्या दिवशी तिनं पोत्यानं मैदा आणला. दुपारी साहेब खाली फिरायला निघाले, तर इमारतीच्या दाराशी पाटी लावलेली: घरगुती पाव, बिस्किटं, संत्र्याचा जॅम, तेलातला भाजका लसूण. तिसरा मजला.

साहेब फिरायला गेलेच नाहीत. तसेच वर आले.

"नोंदणी केलीस का?"

"चार पाव विकायला कसली नोंदणी?"

"चार असोत नाहीतर चारशे. घरच्या ओट्यावर केलेला घास पैसे घेऊन दिलास की ती धंद्याची जागा झाली. नोंदणी लागते. पाणी तपासल्याचा दाखला लागतो, तुला कुठला रोग नाही असा डॉक्टरचा कागद लागतो. बरणीवर चिठ्ठी लागते, आत काय घातलंय, कधी केलंय, किती दिवस टिकेल, कुणी केलंय. धंद्याचं काम चालू असताना त्याच ओट्यावर घरची भाजी चिरायची नाही. आणि तो लसूण तर विकायचाच नाही."

"का? लसणानं काय घोडं मारलंय?"

"तेलात बुडवला की त्याला हवा लागत नाही. आंबटपणाही नाही त्यात. बरणी बाहेर राहिली की आत विष तयार होतं. त्याला वास नाही, चव नाही. माणसाला आधी एकाचे दोन दिसायला लागतात, मग श्वास बंद पडतो."

हे सगळं खरं होतं. पण ते त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की जणू समोर आरोपी उभा आहे. सुनेनं हातातली कणीक परातीत आपटली.

"मी अकरा वर्षं तीनशे पोरांना जेवू घातलं, एकाचं पोट दुखलं नाही. तुम्ही जन्मात अकरा माणसांना तरी जेवू घातलंत का? लोकांच्या चुली विझवण्यात आयुष्य गेलं तुमचं."

साहेबांनी पाठ फिरवली. खोलीत जाऊन त्यांनी ट्रंकेतून कोरा कागद काढला. मुलगा आल्यावर त्याला सांगता आलं असतं. सून रागानं का होईना, ऐकेल म्हणून दोन दिवस थांबता आलं असतं. पण तिचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानात घुसून बसलं होतं. निनावी तक्रार खातं घेत नाही हे त्यांना माहीत होतं. नाव दिलं तर ते गुप्त ठेवतात, हेही माहीत होतं. त्यांनी नाव दिलं, सही केली, पत्त्याच्या जागी स्वतःच्याच घराचा पत्ता लिहिला आणि दुसऱ्या दिवशी कागद स्वतः नेऊन कार्यालयात दिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. तपासणी अधिकारी म्हणून जी बाई आली, तिला साहेबांनीच दोन वर्षं हाताखाली घेऊन काम शिकवलं होतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं, ओळख दाखवली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली, नळामागे, डब्यांच्या बुडाशी, सगळीकडे बॅटरी मारून पाहिलं. लसणाच्या नऊ बरण्या तिनं ओळीनं मांडल्या, मोजल्या, आणि एकेक करून त्यात फिनेल ओतलं, म्हणजे मागून कुणी वाचवायला नको. सून भिंतीला टेकून बघत राहिली. तीन दिवस ती तो लसूण सोलत होती.

"नोंदणी होईपर्यंत विक्री बंद," अधिकारी बाई म्हणाली. "तक्रार काय होती ते तुम्हाला वाचून दाखवणं माझं काम आहे." आणि तिनं कागद वाचला: 'सदर गृहिणी विनानोंदणी निर्वात व अनाम्ल माध्यमात साठवलेला पदार्थ विकत असून तो मानवी सेवनास धोकादायक आहे.'

सुनेनं मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. ते दारात उभे होते.

"आपल्या इमारतीत 'अनाम्ल' म्हणणारी शेजारीण कोण हो, बाबा?"

अधिकारी बाई कागदांची घडी घालत राहिली. साहेबांनीही खोटं सांगितलं नाही. ते म्हणाले, "लसूण वाईटच होता."

"वाईट लसूण नव्हता," सून म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला मुलगा बापाच्या समोर बसला. बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंत."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"काही नाही. पण सांगायचं होतंत. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे असतात का?"

"मोजायचे असतात," साहेब म्हणाले. "वासा मोडला की घर सगळ्यांच्याच डोक्यावर पडतं."

यावर मुलगा ताट घेऊन उठला.

सून रडली-बिडली नाही. दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांच्या खोलीत आली आणि न विचारता पुस्तकांचं खोकं उचलून घेऊन गेली. आठ दिवस तिनं ती पुस्तकं वाचली. शाळेतल्या हिशोबापलीकडे न वाचणारी बाई ओट्यावर पुस्तक उभं करून पेन्सिलीनं खुणा करत वाचू लागली. पाणी तपासून आणलं, डॉक्टरचा कागद आणला, हात धुवायला वेगळं बेसिन बसवून घेतलं, कपाटाचं एक दार काढून तिथं जाळी लावली, चिठ्ठ्या छापून आणल्या. महिन्याभरात नोंदणीचा दाखला चौकटीत बसून भिंतीवर लागला.

त्याच दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फरशीवर लाल चिकटपट्टी ओढली.

"सकाळी सहा ते अकरा धंद्याची वेळ," ती म्हणाली. "दाखल्यावर नाव नसलेल्या माणसाला पट्टीच्या आत यायला बंदी. कलम तुम्हाला पाठ असेलच."

"माझा चहा?"

"बाहेर थर्मास ठेवते पावणेसहाला."

साहेब आठ वाजता चहा पीत. आठपर्यंत त्या जुन्या थर्मासातला चहा म्हणजे अंघोळीचं उरलेलं पाणी. "कोमट आहे," ते ओरडले.

"थर्मामीटर लावून लिहून ठेवा," आतून उत्तर आलं.

साहेबांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची बोळकांडीत आणली आणि पट्टीपासून बरोबर एक वीत अलीकडे ठेवली. बोळकांडीत बसायला बंदी आहे असं कुठलंच कलम नव्हतं. मांडीवर बांधीव वही, पानांवर आधीच घातलेले आकडे, वर तारीख, खाली वेळ. पहिल्या पावाच्या पिठापासून शेवटचा ट्रे निघेपर्यंत ते डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि लिहायचे. काय केलं, किती केलं, भट्टी कधी पेटवली, किती वाजता काढलं. आणि त्याखाली चुका. टोपीबाहेर केस. ओट्याचं फडकं खांद्यावर. फोनला हात लावून तोच हात पिठात.

सुनेला ते दिसत होतं. ती त्यांच्याकडे पाठ करून कणीक मळायची आणि मळताना जरा जास्तच जोरात आपटायची. सकाळचे पाच तास त्या बोळकांडीत आणि त्या ओट्यावर दोन माणसं एकमेकांशी एक शब्द न बोलता एकमेकांवर चरफडत असायची.

पहिल्या महिन्यात साहेबांच्या वहीत चौदा चुका निघाल्या. दुसऱ्या महिन्यात पाच. तिसऱ्यात दोन, आणि त्यातली एक त्यांनी ओढूनताणून लिहिलेली. आपण एकही शब्द न बोलता ही बाई सुधारते कशी, हे त्यांना कळेना. खरं तर ती रोज अकरा वाजता, ते अंघोळीला गेले की, वही उघडून वाचत होती. पण हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. चौथ्या महिन्यात मात्र कुठंच चूक सापडेना, याचा त्यांना त्रास व्हायला लागला. रिकाम्या पानाकडे बघून त्यांना रिकाम्या पोटी बसल्यासारखं वाटायचं.

म्हणून त्या गुरुवारी जेव्हा त्यांना चूक दिसली, तेव्हा त्यांना मनातून बरं वाटलं. सुनेच्या डाव्या अंगठ्याला जॅमच्या बरणीच्या काचेनं चीर पडली होती. तिनं औषधाची पट्टी लावली होती, पण वर रबरी मोजा घातला नव्हता. तशाच हातानं तिनं पीठ मळलं. मोजे तिच्याच हाताशी, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत होते. "मोजा घाल" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. साहेबांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी पेन उघडलं.

त्या पिठाचे चाळीस पाव पहिल्या मजल्यावरच्या बाईनं मागवले होते. ती एका विमा कंपनीच्या कचेरीत होती, तिच्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. साडेनऊला ती स्वतः येऊन खोकी घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत कचेरीतली सात माणसं ओकून आडवी झाली. दोघांना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

शुक्रवारी सकाळी ती बाई जिन्यातच सुरू झाली.

"काय घातलं होतंस पावात? माझी नोकरी जायची वेळ आलीय. दोन माणसं मरता मरता वाचली."

"साधे पाव दिले मी तुम्हाला," सून म्हणाली. "मोजून चाळीस."

"साधे? आत अंड्याचं पांढरं सारण होतं. सगळ्यांनी खाल्लंय ते. आता कानावर हात ठेवू नकोस."

"सारण मी करत नाही. मला परवानगीच नाही त्याची."

"परवानगी नव्हती म्हणूनच गुपचूप केलंस."

दारं उघडली. आदल्या दिवशीपर्यंत रांगेत उभे राहून गरम पाव नेणारे लोक जिन्यात जमले. मला तो जॅम लागायचाच कसासा, असं एक म्हातारा म्हणाला. मी तर पोरांना कधीच देत नव्हते, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. तिच्या पोरांच्या तोंडाला बिस्किटाचा चुरा सुकलेला असायचा हे सगळ्या इमारतीनं पाहिलेलं होतं. कुणीतरी खालची पाटी काढून वर आणली आणि दारात फेकली.

दुपारी अधिकारी बाई आली. तिनं पिठाचे, पाण्याचे नमुने घेतले आणि स्वयंपाकघराच्या दाराला लाखेचं सील लावलं. आता त्या घरात चहासुद्धा करता येईना. मुलानं बाहेरून जेवण आणलं, आणि साहेबांनी त्याला हात लावला नाही.

सगळं येऊन एका गोष्टीवर अडलं होतं. पाव साधे दिले की सारण भरून? सुनेच्या नोंदवहीत साधे लिहिलं होतं, पण ती तिनं स्वतः लिहिलेली. विम्याची बाई शपथेवर सांगत होती की भरलेलेच आले. कचेरीतल्या उरलेल्या सारणाचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता, पण ते सारण कुणाच्या घरचं हे प्रयोगशाळा कशी सांगणार?

साहेब आपल्या खोलीत खाटेवर बसले आणि त्यांनी गुरुवारचं पान उघडलं. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पाव साधे, चाळीस. भरण नाही. घरात अंडी नाहीत. सहा चाळीसला पीठ, नऊ पाचला ट्रे बाहेर, साडेनऊला गार करून खोक्यात. आणि खाली: सात वाजता, डाव्या अंगठ्याला चीर, पट्टी आहे, मोजा नाही, त्याच हातानं पीठ मळलं.

वरचं अर्धं पान तिला सोडवत होतं आणि खालचं अर्धं तिला अडकवत होतं. उघड्या जखमेतूनच असली उलट्यांची बाधा अन्नात जाते, हे खात्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पान फाडून अर्धं देता येणार नव्हतं. पानांना आकडे होते. ते त्यांनीच घातले होते, कुणाला फाडता येऊ नये म्हणून.

ते उठून बाहेर आले. सून सील केलेल्या दारासमोर, त्यांच्याच खुर्चीत बसली होती.

"हे पान आहे," ते म्हणाले. "वरचं तुझ्या बाजूचं. खालचं तुझ्याविरुद्ध."

गुरुवारी अकराला तिला वही बघायची सवड मिळाली नव्हती, त्यामुळे तिनं ते आता पहिल्यांदाच वाचलं. वाचताना तिचा अंगठा नकळत मुठीत गेला.

"फाडा म्हटलं तर फाडाल?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

"विचारत नाही. सांगतोय. मागच्या वेळी सांगितलं नव्हतं."

तिनं वही मिटून त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही पाहिलंत," ती म्हणाली. "अंगठा पाहिलात, मोजे कुठे आहेत ते पाहिलंत, आणि लिहीत बसलात. माझं वाटोळं होताना बघायला पेनात शाई भरून बसला होतात तुम्ही. न्या ती वही. माझ्या डोळ्यांपुढून न्या."

साहेब वही घेऊन कार्यालयात गेले. ज्या टेबलामागे ते एकतीस वर्षं बसले, त्याच्या अलीकडच्या स्टुलावर बसून त्यांनी ती पुढे केली. अधिकारी बाईनं पान दोनदा वाचलं. मग तिनं चष्मा काढला.

"सर, ही नोंद सात वाजताची आहे. पाव साडेनऊला घराबाहेर गेले. अडीच तास तुम्ही तिथेच होता?"

"होतो."

"मग थांबवलं का नाहीत?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकड्यांनी माणसांना विचारला होता. कामगारांना, मालकांना, एका बेकरीवाल्याच्या बारा वर्षांच्या मुलीलासुद्धा. पट्टीच्या बाहेर होतो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही आम्हाला शिकवलंत," ती म्हणाली, "की चूक दिसली की आधी हात धरायचा, मग लिहायचं." आणि तिनं त्यांच्यासमोरच अहवालात ओळ घातली: साक्षीदारानं चूक पाहूनही थांबवलं नाही. त्यावर त्यांची सही घेतली.

घरी येताना ते वाटेत एका बाकावर बसले. आपण वही दिली ती खरेपणानं की खुन्नस म्हणून, हे त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहिलं. त्यांना ते ठरवता आलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पिठात दोष नव्हता. कचेरीत उरलेल्या एका न भरलेल्या पावातही काही सापडलं नाही. विष होतं ते सारणात. वहीतल्या वेळा पुढे ठेवून अधिकारी बाईनं खोदून विचारलं तेव्हा विम्याच्या बाईची कचेरीतली मैत्रीण बोलली: सारण बाईनं स्वतः आदल्या संध्याकाळी घरी केलं होतं, सकाळी डब्यातून नेलं, आणि दुपारी एकपर्यंत ते मोटारीच्या डिकीत उन्हात होतं. बाईनं माफी मागितली नाही. तिनं फक्त लिफ्ट सोडली आणि जिन्यानं जा-ये करायला लागली, म्हणजे सुनेशी गाठ पडायला नको.

पण अंगठा होताच. विषबाधेतून सुटका झाली, दाराचं सील निघालं, तरी उघड्या जखमेनं पीठ मळल्याबद्दल दाखला तीन आठवडे स्थगित. भिंतीवरची चौकट सुनेनं स्वतः उतरवली.

त्या तीन आठवड्यांत त्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. एका संध्याकाळी मुलगा बापाच्या दाराशी आला, आत आला नाही.

"बाबा, तुमच्यासाठी वेगळी खोली बघू का? जवळच बघतो."

"बघ," साहेब म्हणाले.

खोली बघून झाली. ट्रंका भरून झाल्या. दाखला परत मिळायच्या आदल्या दिवशी दुपारी सून खोलीत आली. तिच्या हातात कागद होता, पट्टीनं रेघा मारलेला. डावीकडे ओळी: हात, नखं, टोपी, मोजे, जखम, फडकी, पाणी, भट्टीची उष्णता, चिठ्ठ्या. उजवीकडे तारखांचे रकाने, आणि तळाला सहीची जागा.

"हे काय?"

"रोज सकाळी सहाला तपासायचं. समोर उभं राहून. माझे हात हातात घेऊन बघायचे. चूक दिसली की त्या क्षणी तोंडानं सांगायची. सांगितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

"आणि तू ऐकणार?"

"भांडेन. पण ऐकेन." ती उभीच होती. "गैरसमज करून घेऊ नका. मला तुम्ही आवडत नाही. त्या नऊ बरण्या मी विसरले नाही आणि तो अंगठाही विसरणार नाही. पण तुमच्या नजरेतून जे सुटेल ते जगात कुणाला सापडायचं नाही. एवढी वाईट नजर फुकट का घालवू?"

"मी पट्टीच्या आत कसा येणार?"

"डॉक्टरचा कागद आणा. दाखल्यावर दुसरं नाव घालते तुमचं. डोक्याला टोपी घालावी लागेल."

"माझी एक अट आहे."

"तुम्हाला अट नाही," सून म्हणाली आणि गेली.

साहेबांनी ट्रंका उघडल्या. मुलानं खोलीवाल्याला काय सांगितलं, ते त्यालाच ठाऊक.

याला आता चार वर्षं झाली. गिऱ्हाईकं परत आली, तो म्हातारा आणि त्याची सूनही आली. सुनेनं त्या दोघांना पाव दिले, पण गरम असताना कधी दिले नाहीत. अधिकारी बाई वर्षाला एकदा येते आणि तिला काही सापडत नाही. एकदा तिनं विचारलं, नव्या उमेदवारांना हे स्वयंपाकघर दाखवायला आणू का? "घर आहे, सर्कस नाही," सून म्हणाली, आणि त्यावर साहेबांनी मान डोलावली. त्या दोघांचं एकमत झालेलं तेवढं एकच.

सकाळी इमारतीतल्या लोकांना घड्याळाची गरज पडत नाही. सहा वाजले की तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतात. नवीन राहायला आलेले लोक घाबरून मुलाला विचारतात, सगळं ठीक आहे ना? मुलगा सांगतो, "ठीक नाही. पण रोजचंच आहे."

परवाचीच गोष्ट. बिस्किटांचा दुसरा ट्रे निघाला. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"कोपऱ्यातली आठ बाजूला काढ."

"काही झालेलं नाही त्यांना."

"बुड काळं आहे. काढ."

"काढणार नाही. जरा लाल झालीत, लोक आवडीनं खातात."

"मग सही नाही."

सुनेनं आठ बिस्किटं खरवडून एका ताटलीत टाकली आणि ताटली त्यांच्यापुढे आपटली. साहेबांनी टोपी काढली, ताटली बाहेर बोळकांडीत नेली आणि खुर्चीवर बसून दोन खाल्ली.

"करपलीत," ते आत बघून म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला दिलीत," सून म्हणाली, आणि तिनं तिसरा ट्रे भट्टीत सारला.